काही मेसेज दोनदा, आणि गुरुवारी रात्री एकदम चार हजार. बीबीएस नेटवर्कवरचा पूर थांबवायचा कसा?

नौपाडा_नोड

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही सहा जणांनी मिळून वर्षभरापूर्वी जुन्या पद्धतीच्या बुलेटिन बोर्डांचं एक छोटं नेटवर्क उभं केलंय, फिडोनेट या जुन्या बीबीएस नेटवर्कसारखंच पण खाजगी, बाहेर कुठे जोडलेलं नाही. प्रत्येकाच्या घरी एक रास्पबेरी पाय, त्यावर बीबीएस, आणि मेसेजची पॅकेटं मोडेमऐवजी इंटरनेटवरून जातात. नोड म्हणजे मी नौपाडा, मग घोडबंदर, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर. घोडबंदर फक्त माझ्याशी जोडलेला, खारघर फक्त वाशीशी. बाकीचे चार गोलात, मी-ऐरोली-वाशी-नेरूळ आणि परत मी. गोल मुद्दाम ठेवला, कारण एकाकडची लाइट गेली तरी दुसरीकडून मेसेज पोचला पाहिजे, ट्रान्स हार्बर अडकली की आपण ठाणे-बेलापूर रोडने बस धरतो तसं.

आता त्रास असा की काही मेसेज दोनदा येतात. सगळे नाही, काहीच. दुसऱ्या कॉपीत जोडाक्षरांच्या जागी चौकोन असतात, म्हणजे "ठाण्यात" च्या जागी "ठाण□यात" असं काहीतरी. आधी वाटलं फॉन्टचा प्रॉब्लेम. डुप्लिकेट पकडायची स्क्रिप्ट मी स्वतः पायथॉनमध्ये लिहिलीये, पूर्ण मजकुराचा हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठशासारखा नंबर, काढून शेवटचे १००० हॅश लक्षात ठेवते, आणि नेरूळ सोडून सगळ्यांकडे तीच चालते.

हे आम्ही चालवून घेत होतो, पण गेल्या गुरुवारी रात्री बारानंतर वाशीकडून धबधबा सुरू झाला. दोन हजारांवर जुने मेसेज, पार गणपतीतले, आणि तेही बरेचसे डबल, सकाळी मोजले तर चार हजारांच्या आसपास. घोडबंदरवाल्याच्या फोनवर प्रत्येक मेसेजला टिंग वाजते, त्याच्या बायकोने राउटरच बंद करून टाकला. मी आता विचार करतोय की प्रत्येक युजरला दिवसाला २० मेसेजची लिमिट टाकावी. बरोबर आहे का हे? की दुसरं काही?

जुना_सिसॉप

लिमिट टाकायच्या आधी एक सांगा. दोनदा येणारे मेसेज नेमके कुठून निघालेले असतात आणि कुठे कुठे डबल दिसतात? आणि ऐरोलीला कधी डबल आलाय का?

नेरूळला वेगळं काय चालतं तेही सांगा.

नौपाडा_नोड

काका, तुम्ही विचारलंत म्हणून बसून लॉग चाळले. माझ्याकडे वाशी आणि खारघरचे डबल येतात. वाशी-खारघरला माझे आणि घोडबंदरचे डबल जातात. ऐरोलीला आजपर्यंत एकही नाही!! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

नेरूळवाला हौशी माणूस आहे, तो डॉसमधला (विंडोजच्या आधीची सिस्टीम) जुना टॉसर, म्हणजे आलेले मेसेज वाटून पुढे पाठवणारा प्रोग्रॅम, डॉसबॉक्समध्ये चालवतो, म्हणतो अस्सल मजा त्यातच. पण तो स्वतः सगळं रोमनमध्ये लिहितो, त्यामुळे त्याच्या मेसेजमध्ये चौकोन वगैरे भानगड नसते.

जुना_सिसॉप

मग सापडलं बहुतेक. चहा घेऊन बसा, सांगतो.

फिडोनेट टॉम जेनिंग्सने १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू केलं तेव्हा फक्त एकाने एकाला पाठवायची डाक होती. एकाच्या बोर्डावर लिहिलेलं सगळ्यांच्या बोर्डांवर उमटायचं, ते एकोमेल नंतर आलं, डॅलसच्या जेफ रशने केलं. आणि ते आल्याबरोबर पुराचा प्रश्न पण आला, कारण मेसेज एकाकडून चौघांकडे आणि त्या चौघांकडून पुढे जायला लागला की तो फिरून परत येणारच. तेव्हा प्रत्येक जादा मेसेज म्हणजे फोनच्या बिलावर पैसे, त्यामुळे लोकांनी यावर फार डोकं लावलंय.

त्यातून दोन ओळी निघाल्या. एक सीन-बाय, म्हणजे हा मेसेज कोणाकोणाला दाखवून झाला त्या नोडांची यादी, आणि दुसरी पाथ, म्हणजे तो कुठल्या वाटेने आला. टॉसर पुढे पाठवायच्या आधी सीन-बाय बघतो आणि ज्याचं नाव यादीत आहे त्याला पाठवत नाही. आता गंमत बघा. तीन नोड एकमेकांना जोडलेले असतील तर गोल असूनही डबल येत नाही, कारण मी तुम्हा दोघांना पाठवतानाच दोघांची नावं लिहिलेली असतात, मग तुम्ही एकमेकांना पाठवत नाही. पण तुमचा गोल चारांचा आहे. तुम्ही मेसेज टाकलात, तो ऐरोलीला आणि नेरूळला गेला, सीन-बायमध्ये तुम्ही, ऐरोली, नेरूळ. वाशीचं नाव कुठेच नाही. मग ऐरोलीने वाशीला दिला आणि नेरूळनेही वाशीला दिला, दोघांचंही चुकलं नाही. तिथे तुमची स्क्रिप्ट कामाला यायला हवी होती.

ती का फसली, तर जोडाक्षरांमुळे. फिडोच्या पहिल्या टेक्निकल स्टँडर्डमध्ये असं लिहिलंय की ८डी हा बाइट म्हणजे सॉफ्ट रिटर्न, आधीच्या एडिटरने आपोआप ओळ मोडली त्याची खूण, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. जुने काही प्रोग्रॅम दुर्लक्ष करायच्या ऐवजी तो बाइट सरळ उडवायचे. रशियात यावरून फार बोंब झाली, कारण त्यांच्या डॉसच्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यात, मोठा "न" बरोबर त्याच नंबरवर बसतो, म्हणून लोक त्या जागी इंग्रजी एच टाइप करायचे, दिसायला सारखाच. आता आपला हलन्त, पाय मोडायची खूण, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे हल्ली मराठी साठवायच्या पद्धतीत, तीन बाइटचा असतो: ई०, ए५, ८डी. शेवटचा बघा कुठला आहे तो.

म्हणजे नेरूळचा टॉसर तुमच्या प्रत्येक मेसेजमधल्या प्रत्येक हलन्ताचा शेवटचा बाइट खातोय. अक्षर फुटलं, मजकूर बदलला, हॅश बदलला, आणि तुमच्या स्क्रिप्टला वाटलं नवीन मेसेज आला. ऐरोली गोलात नेरूळच्या समोर बसलाय, त्याला चांगली कॉपी थेट तुमच्याकडून किंवा वाशीकडून मिळते आणि त्याचं नाव यादीत आधीच असतं, म्हणून नेरूळची मोडकी कॉपी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. करून बघायचं तर एकही जोडाक्षर नसलेला मेसेज टाका, "पाणी कधी येणार" असा काहीतरी. तो वाशीला एकदाच दिसेल.

उपाय म्हणाल तर नेरूळवाल्याला टॉसर बदलायला सांगा, किंवा त्याचा एक हात सोडवून त्याला फक्त तुमच्याशी जोडा, म्हणजे त्याच्यातून काही पुढे जाणारच नाही. आणि डुप्लिकेट मजकुरावरून ओळखू नका. प्रत्येक मेसेजला एमएसजीआयडी असतो, नोडचा पत्ता आणि पुढे आठ आकडी हेक्स नंबर, तो नंबर एका नोडकडून तीन वर्षं परत वापरायचा नाही असा नियम आहे. वाटेत मजकुराला काही होवो, तो आयडी जसाच्या तसा पुढे जातो. त्याच्यावरून ओळखा.

नौपाडा_नोड

काका!!! "पाणी कधी येणार" एकदाच गेला. "स्टेशनवर प्रचंड गर्दी" दोनदा. मी वर्षभर फॉन्टला शिव्या देत होतो.

पण मजकुराचा हॅश मी मुद्दाम ठेवलेला, कारण ऐरोलीचा एक बॉट आहे लोकलच्या अपडेट टाकणारा, तो कधीकधी अडकतो आणि तीच ओळ नव्या आयडीने वीस-वीस वेळा टाकतो. नुसता आयडी बघितला तर ते सगळे आत येतील ना?

कीबोर्ड_कुलकर्णी

येतील, पण ते डुप्लिकेट नाहीत, तो स्पॅम आहे, आणि दोन्हीला एकच औषध दिलंत म्हणून घोटाळा झाला. डुप्लिकेट म्हणजे एकच पत्र दोन पोस्टमननी आणून टाकलं. स्पॅम म्हणजे एकाच माणसाने वीस पत्रं टाकली. पहिल्याला आयडी बघून गप्प उडवायचं, दुसऱ्याला मोजायचं.

मोजायची एक जुनी मस्त पद्धत यूझनेटवर, म्हणजे विषयवार न्यूजग्रुपच्या जुन्या नेटवर्कवर, होती, ब्राइडबार्ट इंडेक्स. एप्रिल १९९४ मध्ये दोन वकिलांनी ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात साडेपाच हजारांवर न्यूजग्रुपमध्ये ओतली, त्यानंतर लोकांना वाटायला लागलं की "जास्त" म्हणजे नक्की किती हे कुठेतरी ठरवलं पाहिजे, नाहीतर ज्याला जे आवडत नाही ते तो उडवत सुटेल. तर हिशोब असा, एका मेसेजच्या जितक्या कॉपी टाकल्या त्या प्रत्येक कॉपीचं, ती किती ग्रुपमध्ये गेली त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि सगळ्यांची बेरीज. एकच कॉपी नऊ ग्रुपमध्ये एकदम लावली (क्रॉसपोस्ट) तर ३. तीच नऊ ग्रुपमध्ये वेगवेगळी टाकली तर ९. पंचेचाळीस दिवसांत बेरीज २० झाली की तो उडवायला पात्र. यात मेसेजमध्ये काय लिहिलंय ते बघायचंच नाही, फक्त किती. मला हे फार आवडतं, कारण मजकूर बघायला लागलो की भांडणं सुरू होतात.

मजकूर सारखा आहे का हे बघताना मात्र मराठीत एक खड्डा आहे. "दुसऱ्या" हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो, एकात नुक्तावाला ऱ असतो आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडणारा कॅरॅक्टर. डोळ्याला सेम, बाइट वेगळे. फोनवरून एक आणि कॉम्प्युटरवरून दुसरं, असंही होतं. त्यामुळे हॅश काढायच्या आधी हे सगळं एका रूपात आणा, स्पेस आणि ओळींची मोडतोड पण काढून टाका. आणि हा साफ केलेला मजकूर फक्त मोजायला वापरा, पुढे पाठवायचा तो मूळच पाठवा, नाहीतर तुम्ही पण नेरूळ व्हाल.

आणि एक. आपोआप उडवणारा बॉट लिहायचा मोह होईल, जपून. मार्च १९९३ च्या शेवटी रिचर्ड डेप्यू नावाच्या माणसाने यूझनेटवर नको असलेले मेसेज आपोआप काढणारा प्रोग्रॅम सोडला, एआरएमएम नाव होतं त्याचं. त्यात बग होता, तो स्वतःच्याच मेसेजला उत्तर द्यायला लागला, विषयात दर वेळी एक एआरएमएम वाढत गेलं आणि एका रात्रीत सुमारे २०० मेसेज पडले, ते पण व्यवस्थापनाच्या चर्चेच्या ग्रुपमध्ये!

खारघर_सहा

गुरुवारचा गुन्हेगार मी आहे, सांगूनच टाकतो 🙏

झालं असं की दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि त्यात माझं एसडी कार्ड मेलं. नवीन कार्डावर जुना बॅकअप टाकला. मेसेज सगळे आले, पण कुठपर्यंत पाठवून झालं याचा पॉइंटर त्या बॅकअपमध्ये नव्हता, तो शून्यावर आला. प्रोग्रॅमला वाटलं यातलं एकही पाठवलेलं नाही, आणि त्याने इमानदारीत सगळे वाशीला दिले. मी झोपलो होतो हो. सकाळी उठून बघतो तर ग्रुपवर माझ्या नावाने शंख.

मला एकच सांगायचंय की युजर लिमिट असती तरी हे थांबलं नसतं, कारण हे मेसेज तुम्हा सगळ्यांचेच होते, वेगवेगळ्या नावांचे. ज्या त्या दिवशी प्रत्येकाचे वीसच्या आत.

जुना_सिसॉप

बरोबर बोललात, आणि तुमचा काही गुन्हा नाही, हे प्रत्येक सिसॉपच्या, म्हणजे बोर्ड चालवणाऱ्याच्या, हातून एकदा होतंच. माझ्याकडूनही झालंय. फिडोच्या पॉलिसीचं सार दोन वाक्यांत सांगायचे: दुसऱ्याला फार कावून सोडू नका, आणि स्वतः लगेच कावू नका. घोडबंदरच्या वहिनींना दुसरं वाक्य लागू नाही, रात्री बारानंतर टिंग म्हणजे अतीच.

वाशीने हे आत का घेतलं? कारण तिथल्या स्क्रिप्टला शेवटचे १००० आठवतात आणि आले दोन हजारांवर, त्यातले बरेच तिच्या जन्माआधीचे. इथे यूझनेटवाल्यांची युक्ती घ्या. आयएनएन नावाचा त्यांचा सर्व्हर आहे, तो मूळ सेटिंगमध्ये १० दिवसांपेक्षा जुना लेख दारातच नाकारतो, आणि आलेल्या लेखांचे आयडी ११ दिवस लक्षात ठेवतो. आकड्यांपेक्षा त्यांचं नातं बघा. दार जितक्या दिवसांचं, आठवण त्यापेक्षा एक दिवस जास्त. मग असा मेसेजच उरत नाही जो आत घेण्याइतका नवा आहे पण विसरण्याइतका जुना. तुमची आठवण संख्येवर आहे, ती दिवसांवर करा. वर्षभराचे सगळे आयडी ठेवलेत तरी एसडी कार्डावर किती जागा जाणार, मोजून बघा, एका फोटोपेक्षा कमी.

खारघर_सहा

काका, पण यात माझं काय होणार? माझा पाय चार नंबरचा आहे, त्यात घड्याळाची बॅटरी नसते. लाइट येऊन नेट सुरू होईपर्यंत तो जिथे बंद पडला तिथलीच वेळ धरून बसतो. एकदा आठ दिवस गावाला गेलो होतो, आल्यावर मेसेज टाकला तर तारीख मागच्या रविवारची. दार कडक केलं तर माझे खरे मेसेज बाहेर राहतील.

कीबोर्ड_कुलकर्णी

आणि नुसते बाहेर राहणार नाहीत. आयडीचा नंबर बरेच प्रोग्रॅम वेळेवरून काढतात, घड्याळ मागे गेलं तर जुनाच नंबर परत निघू शकतो, मग तुमचा नवा कोरा मेसेज डुप्लिकेट म्हणून गप्प उडेल आणि तुम्हाला कळणार पण नाही. नेटवरून वेळ मिळाल्याशिवाय बीबीएस सुरूच होऊ देऊ नका, सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. किंवा घड्याळाचं छोटं मॉड्यूल मिळतं ते लावा.

ऐरोली_अनघा

मी लोकल अपडेटच्या बॉटवाली 🙋 आधी सॉरी. त्याचं खरं कारण सांगते, नेरूळच्या बोर्डावर एक स्वागत करणारा ऑटो-रिप्लाय आहे, "धन्यवाद, मेसेज मिळाला" म्हणणारा, आणि माझ्या बॉटला कोणी उत्तर दिलं की तो ताजी स्थिती परत टाकतो. दोघं रात्रभर एकमेकांशी बोलत बसतात. मी आता असं केलंय की एका नावाला आठवड्यातून एकदाच उत्तर, युनिक्समधला सुट्टीचा जुना व्हेकेशन प्रोग्रॅम करतो तसं, आणि समोरचा बॉट असेल तर उत्तरच नाही.

पण मला दिवसाला २० वाली लिमिट अजिबात पटली नाहीये. परवा ठाणे स्टेशनला गोंधळ होता तेव्हा लोकांनी अर्ध्या तासात तीस-चाळीस मेसेज टाकले आणि ते सगळे कामाचे होते. इतर दिवशी तोच माणूस एक पण टाकत नाही. सोसायटीच्या पाण्यासारखं करा ना, प्रत्येकाची एक टाकी, टाकीत १५ मेसेज मावतात, दर दहा मिनिटाला एक भरतो. टाकी भरलेली असेल तर धडाधड पंधरा टाका, संपली की थेंबथेंब. आणि ही टाकी त्या माणसाच्या स्वतःच्या नोडवर, कारण तो कोण आहे हे फक्त त्याच्या सिसॉपला माहीत असतं. नौपाड्याने खारघरच्या माणसाला का मोजायचं?

जुना_सिसॉप

अनघाताई, टाकी चांगली आहे, पण प्रत्येक सिसॉप आपल्या घरची टाकी नीट ठेवेल यावर माझा विश्वास नाही, अनुभवाने सांगतो. शेजाऱ्याकडून येणाऱ्या पाइपलाही एक मीटर हवा. एका फेरीत एका लिंककडून २०० च्या वर मेसेज आले की पुढचे आत घ्यायचे नाहीत.

ऐरोली_अनघा

घ्यायचे नाहीत म्हणजे उडवायचे? मग खारघर खरंच आठवडाभर बंद राहून परत आला आणि त्याचे ३०० खरे मेसेज साठले असतील तर? शंभर लोकांचं बोलणं मधेच तुटेल. उडवू नका, बाजूला ठेवा, आणि सिसॉपला एक निरोप जाऊ दे की इतके अडकलेत, बघ.

जुना_सिसॉप

हे मान्य. बाजूला ठेवा. आमच्या वेळी पण वाईट पॅकेटांचं वेगळं फोल्डर असायचंच, मी विसरलो.

वाशीचा_हब

उशिरा आलो. गुरुवारचे सगळे माझ्याच छातीवरून गेलेत त्यामुळे माझं पण ऐका. व्हॉट्सॲपने २०१८ मध्ये भारतात फॉरवर्ड पाच चॅटवर आणले, २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एकाच चॅटवर. आमच्या मावशीचे गुड मॉर्निंग त्याने काही थांबले नाहीत, ती पाच-पाच करून पाठवते, पण वेग नक्की कमी झाला. मला तेवढंच हवंय, माझ्याकडून पुढे जाताना वेग कमी. मी बाजूला ठेवायचं फोल्डर करतो, पण अडकलेले मेसेज रोज कोण बघणार ते आत्ताच ठरवा, नाहीतर ते माझ्याच गळ्यात पडणार आहे.

नौपाडा_नोड

मंडळी, शनिवार-रविवार बसून केलं, सांगतो काय झालं.

डुप्लिकेट आता आयडीवरून. आठवण दिवसांवर, दार ३० दिवसांचं आणि आठवण ४० दिवसांची, काका एक म्हणाले होते पण खारघरचं घड्याळ बघता मी दहा ठेवले. मजकूर फक्त मोजायला, ऱ ची दोन्ही रूपं एक करून. युजरची टाकी ज्याच्या त्याच्या नोडवर, आणि लिंकला २०० चा मीटर, वरचे बाजूला. बाजूला पडलेले बघायची पाळी आठवड्याला एकेकाची, पहिला आठवडा खारघरचा, त्याने स्वतःच मागून घेतला.

नंतर खारघरला मुद्दाम पॉइंटर शून्यावर न्यायला सांगितलं, दुपारी, टिंग बंद करून. दोन हजारांवर मेसेज निघाले. वाशीने २०० बघितले, त्यातले १८८ जुने म्हणून दारात, १२ ओळखीचे म्हणून गप्प, बाकी सगळे बाजूच्या फोल्डरमध्ये. माझ्याकडे शून्य आले. वाशीवाल्याने फोन करून फक्त हसून दाखवलं.

नेरूळवाला टॉसर बदलायला तयार नाही, म्हणतो डॉसशिवाय जमणार नाही. त्याचा वाशीकडचा हात सोडवलाय, आता तो फक्त माझ्याशी. गोल मोडला त्यामुळे ऐरोलीची लाइट गेली की वाशी-खारघर तुटणार, म्हणून घोडबंदरवाल्याला विचारलं वाशीला जोडतोस का, तर तो म्हणाला घरात विचारून सांगतो.

जुना_सिसॉप

घोडबंदर वाशीला जोडलात तर परत चारांचा गोल होतो, लक्षात आहे ना?

नौपाडा_नोड

आहे काका. पण त्यात डॉस नाहीये.